चढ्या सुराचं क्लॅरिनेट

ग्वाल्हेरच्या स्टेशनावर आम्हा तिघांना पोचवायला अख्खा बँड आला होता, पण वाजवायला कुणाच्या हातात काही नव्हतं. संस्थानाची फौज हिंदुस्थानच्या फौजेत विलीन झाली होती आणि वाद्यं आदल्याच आठवड्यात जमा झाली होती. सगळ्या वादकांची परीक्षा झाली, वय पाहिलं, डोळे तपासले. तिघे निवडले गेले, बाकीचे घरी. हात रिकामे असले की बँडवाल्याला उभं कसं राहावं ते कळत नाही. सगळे हात मागे बांधून, परेडला असल्यासारखे फलाटावर उभे होते.

फक्त आमच्या आबांच्या काखेत एक काळी पेटी होती. माझे वडील संस्थानाच्या बँडात पहिलं क्लॅरिनेट वाजवत. त्यांचं वाद्य दरबारातून बक्षीस मिळालेलं, म्हणून ते जमा करावं लागलं नाही. गाडी हलता हलता त्यांनी पेटी खिडकीतून माझ्या मांडीवर ठेवली. मी म्हटलं, "आबा, आणि तुम्ही?"

"मला काय करायचंय त्याचं आता? रिटायर आदमी मी. रोज वाजवत जा. साज पेटीत राहिला की मरून जातो, समजला?" आमच्याकडे वाद्याला साजच म्हणतात.

ग्वाल्हेरच्या दाना ओली मोहल्ल्यात अजून राहिलेल्यांनो आणि माझ्यासारखे बाहेर पडलेल्यांनो, तुम्हाला तो बँड आठवत असेल. दसऱ्याच्या स्वारीपुढे तोच, मोहरमच्या ताजियापुढे तोच, कुणी बडा पाहुणा आला की सलामीला तोच. आमचे पूर्वज दक्षिणेतून तलवार घेऊन आले. आबांनी वाद्य धरलं तेव्हा आजोबा महिनाभर त्यांच्याशी बोलले नव्हते म्हणे. पण पहिल्या दसऱ्याला आबा लाल डगला घालून स्वारीपुढून गेले आणि आजोबांचा राग तिथेच विरला.

माझी नवी छावणी नेमकी दख्खनमध्ये निघाली. ज्या मुलखातून आम्ही गेलो, तिथेच मला सगळे 'हिंदीवाला' म्हणू लागले. मी 'पाऊस येऊन राहिला आहे' म्हटलं की बराकीत हशा पिकायचा. त्याचं मला फार वाटलं नाही. वाजवायला लागलो की गप्प बसतील, अशी माझी खात्री होती. कोठारातून नवं क्लॅरिनेट मिळत होतं, ते मी ऐटीत नाकारलं. माझं स्वतःचं आहे म्हणालो.

पहिल्याच तालमीत राष्ट्रगीत होतं. जेमतेम पहिली ओळ झाली असेल, बँडमास्तरांनी छडी आपटली. "ऊपर कौन बज रहा है?" सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी क्लॅरिनेटचे सांधे ओढून पाहिले, ओठ सैल सोडला, तोंडाशी असते ती वेताची पट्टी, रीड, बदलली. सूर चढाच. शेवटी त्या भल्या माणसाने मला बाजूला बसवून समजावलं. पूर्वी फौजेच्या बँडांचा सूरच चढा असे. पुढे तो उतरवला गेला आणि सगळीकडची वाद्यं बदलली. आमच्या संस्थानाने मात्र बदलली नाहीत. सगळीच चढी, त्यामुळे आपसात सुरेल! आम्ही वर्षानुवर्षं साऱ्या फौजेपेक्षा अर्ध्या सुराने वर वाजवत होतो आणि आम्हाला पत्ताच नव्हता. माझ्याबरोबर आलेल्या दोघांना काहीच अडचण आली नाही. एक ढोलवाला, दुसरा झांजवाला.

"साज अच्छा है बेटा," बँडमास्तर म्हणाले, "पर इनके साथ नहीं चलेगा. पेटी में रखो."

पेटी माझ्या खाटेखाली गेली आणि कोठारातलं नवं क्लॅरिनेट मी मुकाट्याने घेतलं. आबांच्या प्रत्येक कार्डाची शेवटची ओळ ठरलेली असे, क्लॅरिनेट कसं चाललं आहे? मी लिहायचो, उत्तम. खरं लिहायला चार ओळी पुरल्या असत्या, पण आबांचा जन्मभराचा सूर बेसूर होता असं कार्डावर कसं लिहायचं? माझ्याच्याने झालं नाही. रविवारी पेटी उघडून तेल लावायचो आणि पुन्हा मिटायचो. अशी दोन वर्षं गेली.

रजेवर ग्वाल्हेरला आलो तेव्हा लग्नसराई होती. पेटी बरोबर होतीच. टांगा नई सडकेवर अडला, पुढे वरात होती. बँड ऐकून मी चमकलो. आमचीच वाद्यं! जमा झालेली वाद्यं लिलावात निघाली होती, टोपी बाजारातल्या एका दुकानदाराने ती घेऊन लग्नाचा बँड काढला होता आणि आमच्याच जुन्या वादकांना कामाला लावलं होतं. तोच चढा सूर. आणि शेवटच्या रांगेत, अंगाला ढगळ होणारा झगमगीत कोट घालून, आबा झांजा वाजवत होते.

संस्थानाचं पहिलं क्लॅरिनेट झांजा वाजवत होतं, कारण त्यांचा साज माझ्या पेटीत दोन वर्षं मुका पडला होता. मला इतकी लाज वाटली की टांग्यातून उतरायचं सुचेना.

घरी गेल्यावर सगळं सांगून टाकलं. मला वाटलं रागावतील. त्यांनी पेटी उघडली, नवी रीड ओली करून लावली आणि विचारलं, "दोन वर्षं? बिलकुल नाही वाजवलं?" मग स्वतः वाजवू लागले. दुसऱ्या दिवशी वरातीच्या आधी सगळे वादक आमच्या अंगणात जमले. आबांनी कौतुकाने क्लॅरिनेट माझ्या हातात दिलं. मी वाजवू लागलो आणि चार मात्रांत थांबलो. छावणीतल्या सवयीने माझा ओठ सूर खाली ओढत होता. आबा म्हणाले, "तू उतरून राहिलास रे." आवाजात राग नव्हता. त्यांनी क्लॅरिनेट परत घेतलं आणि मला झांजा दिल्या. त्या वरातीत मी शेवटच्या रांगेत चाललो आणि आबा पहिल्या.

आबा गेले त्यालाही आता बरीच वर्षं झाली. टोपी बाजारातला तो बँड मोडला, वाद्यं मोडीत गेली. मी पेन्शन घेऊन पुण्यात राहिलो. इथे हिंदीवाला आणि ग्वाल्हेरला गेलो की पुण्याचा, याची आता सवय झाली आहे. क्लॅरिनेट माझ्याकडे आहे. कुणाच्या हार्मोनियमबरोबर, कुणाच्या बँडबरोबर ते जुळत नाही. नातू मोबाइलवर सूर लावून दाखवतो आणि म्हणतो, आजोबा, हे चढं आहे. मी त्याला खोलीबाहेर पाठवतो, दार लावतो आणि एकटाच वाजवतो. तेव्हा ते बिलकुल सुरात लागतं.