सहीला लागलेली जागा

ऐंशीच्या दशकात शॉमबर्ग या अमेरिकन गावातल्या एका हॉटेलात मी एका निवृत्त बेसबॉलपटूच्या सहीसाठी रांगेत उभा होतो. माझ्यापुढच्या म्हाताऱ्याच्या हातात त्या खेळाडूच्या गाजलेल्या होमरनचा, म्हणजे चेंडू थेट प्रेक्षकांत भिरकावलेल्या फटक्याचा, फोटो होता. प्रेक्षकांतल्या नखाएवढ्या चेहऱ्यावर बोट ठेवून तो म्हणाला, “ही माझी बायको. गेली आता. दुसरी प्रत कुठे मिळत नाही, आणि हा माणूस न बघताच सही करतो.”

“मग सही घेता कशाला?”

“असे सहीचे फोटो तीच जमवायची. हा एवढा सहीचा राहिला.”

टेबलाशी पोचल्यावर तो ‘इथे नको’ म्हणायच्या आतच खेळाडूनं फोटो ओढून घेतला. जाड मार्कर खाली येताच म्हाताऱ्यानं फोटोतला चेहरा हातानं झाकला. निम्मी सही बोटांवर उमटली.

बाजूला आल्यावरही तो हात उचलेना. शेवटी मीच हळूच उचलला.

“शाई लागलेली नाही,” मी म्हणालो.

डोळे मिटूनच त्यानं विचारलं, “नक्की?”