टोवेच्या डोळ्यापुढचं धुकं

टोवे आपल्या डोळ्यांची जरा जास्तच गुर्मी बाळगून होती, हे आधीच सांगून टाकतो. कोपनहेगनच्या वेशीवरच्या त्या औषध कंपनीत ती एकतीस वर्षं एकच काम करत होती. काळ्या पाटीपुढच्या दिव्याच्या पेटीत बाटली धरायची, हलकेच फिरवायची आणि सांगायचं, "स्वच्छ" किंवा "गढूळ". यंत्राआधी टोवेला दिसतं, असं सगळे म्हणत. सगळ्यांत मोठ्यांदा तीच म्हणे.

या खेपेचं औषध म्हणजे रोज पोटात टोचून घ्यायचं पेप्टाइड, प्रथिनाचा छोटा तुकडाच म्हणा. भारी नाजूक जात! हलवलं तर गुठळ्या धरतं, काचेला चिकटतं. म्हणून त्यात चिमूटभर साबणासारखं द्रव्य घालायचं. एकच बाटली महिनाभर वापरायची, म्हणून जंतू मारणारं उग्र वासाचं क्रेसॉलही घालायचं. आता या दोघांना एका बाटलीत नांदवणं म्हणजे दोन जावांना एका चुलीवर उभं करणं! बाटल्या चाळीस अंशांच्या कपाटात ठेवून दर शुक्रवारी संसाराची खबर घ्यायची.

सव्वानऊला बाटल्या बाहेर निघाल्या की टोवे लगेच पेटीशी बसे. पहिल्या शुक्रवारी तिने लिहिलं, "गढूळ." मग त्याच बाटल्या आस्गरकडे गेल्या. हा आस्गर नवा, डॉक्टरेट घेतलेला, मोजमापाचा मोठा भोक्ता. त्याने साबण मोजला, गढूळपणा मोजला.

"टोवे, साबण पुरता जागेवर आहे. पाणी आरशासारखं. तुला काय दिसलं गं?"

"धुकं."

"बाहेरचं असेल. नोव्हेंबर आहे."

सगळे हसले. टोवेही हसली. पण तीन शुक्रवार हेच झालं, तेव्हा तिने भिंतीवरचं कॅलेंडर पाहिलं. पेटीवर बसणाऱ्यांचे डोळे दरवर्षी तपासतात आणि तिची तारीख पंधरा दिवसांवर आली होती. डावा डोळा हल्ली रस्त्यावरच्या दिव्यांभोवती कडी काढायचा. हे तिने घरी नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं. पेटी गेली, तर उरली कोण? कपाटाच्या किल्ल्या सांभाळणारी बाई!

चौथ्या शुक्रवारी साडेनऊ वाजले आणि सगळे कॉफीला उठले. तिथे साडेनऊची कॉफी चुकवणं म्हणजे घरच्या लग्नाला न जाणं; आग लागली तरी कप हातात घेऊनच बाहेर पडतील. शुक्रवारी तर ताजे पाव आणि चीज. पण टोवे उठली नाही.

"बरं नाही का तुला?" तिच्या वरच्या हुद्द्यावरच्या पेर्निलेने घाबरून विचारलं.

"बरी आहे. जा तुम्ही, गिळा."

एकटी पडल्यावर तिने डावा डोळा झाकून बाटली पाहिली. गढूळ. उजवा झाकला. गढूळ. दोन्ही डोळे गेले की काय, म्हणून ती हट्टाने बघतच राहिली. बघता बघता बाटलीतलं धुकं विरलं. दहा मिनिटांत पाणी लख्ख! आता दहा मिनिटांत म्हातारीचे डोळे बरे होतात होय? तिने बाटली परत कपाटात ठेवली. धुकं परत आलं.

"अगं बाई!" ती एकटीच ओरडली. साबण आणि क्रेसॉल गरम असताना भांडायचे, गार झाले की गळ्यात गळे! आणि आस्गरसाहेब कॉफी पिऊन येईपर्यंत बाटल्या टेबलावर गार होत होत्या.

टोवेने बाटली काखेत दाबली, ऊब जाऊ नये म्हणून, आणि तशीच कॉफीच्या खोलीत घुसली. "ऊठ आस्गर! पाव ठेव खाली. आत्ताच्या आत्ता मोज!"

तो तोंडातला घास गिळत धावला. यंत्राचा आकडा चढला तो चढलाच. आस्गरचे कान लाल झाले. "उन्हाळ्यात लोक हे खिशात घेऊन हिंडले असते आणि गढूळच टोचून घेतलं असतं," तो हळूच म्हणाला. "चुकलं माझं, टोवे."

साबण बदलायचं ठरलं. पेर्निले म्हणाली, "आता तुझे डोळे कोण तपासणार? राहू दे."

राहू दिलं असतं तर कुणाला कळलंही नसतं. पण टोवे डोळे तपासून घ्यायला गेली. सोमवारी परत आली आणि कॉफीच्या टेबलाशी उभी राहूनच म्हणाली, "डाव्या डोळ्यात मोतीबिंदू आहे. पेटी काढून घ्या."

मग आस्गर म्हणाला, "म्हणजे तू हे एका डोळ्याने पकडलंस?"

"हो. आणि तुझे दोन्ही कपात होते."

हसता हसता तिचा आवाज फाटला आणि ती खाली बसली. पेर्निलेने भिंतीवरचा पाळ्यांचा तक्ता उतरवला. ऑपरेशनचे चार आठवडे पेटीपुढे आस्गरचं नाव पेन्सिलीने लिहिलं आणि त्यापुढच्या सगळ्या घरांत, निवृत्तीच्या तारखेपर्यंत, टोवेचं नाव शाईने.