केदारीसरांचा सातवा कागद

लोणावळ्याहून भुशीकडे जाणाऱ्या रस्त्याला एक प्रशिक्षण केंद्र आहे. तिथल्या मोठ्या हॉलची किल्ली एकतीस वर्षं दस्तगीर तांबोळीच्या खिशात होती. कारखान्यांतले इंजिनिअर दोन-दोन दिवस तिथं राहायला येत, आणि माणसांचं नेतृत्व कसं करावं यावर जे संशोधन झालंय ते पुण्याचे प्राध्यापक त्यांना समजावून सांगत. खुर्च्या मांडायच्या, पडदा सोडायचा, यंत्र लावायचं आणि अकराचा चहा अकरालाच आणायचा, हे दस्तगीरचं काम. पण मागच्या दाराशी उभं राहून इतकी वर्षं ऐकल्यावर त्याला एक गोष्ट कळू लागली होती. कोणता वक्ता उतरेल आणि कोणता पडेल, हे तो पहिल्या दहा मिनिटांत सांगे.

"त्वांडाकडं बघू नका," तो म्हणे, "हाताकडं बघा. हाताची घडी सुटली की समजायचं, गाडी घाट चढली."

इंजिनिअर लोकांची घडी सहसा सुटत नसे. पंपाबद्दल, पोलादाबद्दल सांगा, ते पुढं सरकून बसतील. पण माणसांबद्दल कुणी आकडे दाखवू लागलं की त्यांना वाटे, हे काय मोजायचं असतं होय?

ती घडी हमखास सोडवणारा एकच माणूस दस्तगीरनं पाहिला होता, केदारीसर. तेव्हा केंद्रात लॅपटॉप आले नव्हते. काचेसारख्या पारदर्शक कागदांवर सर स्वतःच्या हातानं आलेख काढून आणत आणि दिव्याच्या यंत्रावर ठेवून भिंतीवर दाखवत. पण लगेच दाखवत नसत. कागदावर वर्तमानपत्राची घडी ठेवून विचारत, "आधी तुम्ही सांगा, रेघ वर जाईल का खाली?" मग चाळीस इंजिनिअर भांडायला लागत. कुणी म्हणे वर, कुणी म्हणे खाली. पार गोंधळ माजला, की सर वर्तमानपत्र बोटाबोटानं खाली ओढत. भिंतीवर रेघ उमटेपर्यंत हॉलमध्ये टाचणी पडली तरी ऐकू यावी. दस्तगीर चहाची किटली हातात धरून तसाच उभा राही. कितीदा तरी रेघ कुठं जाणार हे त्याला पाठ असे, तरीही.

या गोष्टीला आता बावीस वर्षं झाली. सरांनी मध्येच येणं बंद केलं होतं.

या ऑगस्टअखेर दस्तगीर निवृत्त होणार होता. त्याच्या शेवटच्या आठवड्यात भाजे गावच्या भिमाजी माळ्याची मुलगी स्नेहल पहिल्यांदा त्या हॉलमध्ये शिकवायला आली. भिमाजी आणि दस्तगीर एकाच केंद्रात म्हातारे झालेले. स्नेहल पुण्याला केदारीसरांच्याच हाताखाली शिकली, आणि नेतृत्वावरच संशोधन करून डॉक्टर झाली.

सकाळीच व्यवस्थापक निलेशनं दस्तगीरला बाजूला घेतलं. "चाचा, संध्याकाळच्या फॉर्मवर पाचपैकी सरासरी चार गुण आले नाहीत, तर हा विषय पुढच्या वर्षीपासून बंद. वरून तसं सांगितलंय. आपली गावची पोरगी आहे, पण माझा इलाज नाही."

दस्तगीरनं त्या दिवशी खुर्च्या तीनदा पुसल्या.

स्नेहलचा मुद्दा साधाच होता. कारखान्याच्या ज्या शॉपमध्ये, म्हणजे विभागात, वरिष्ठ आपली चूक आधी सांगतो, तिथं खालची माणसं बिघाड लपवत नाहीत, खबर लवकर देतात. तिनं पडद्यावर आलेख दाखवला. पहिल्या रांगेतले पांढऱ्या मिशांचे एक साहेब म्हणाले, "मॅडम, खबरी वाढल्या म्हणजे बिघाडच वाढले, असंही असेल की!"

लोक हसले. स्नेहलनं उत्तर दिलं. बरोबर दिलं, पण सहा-सहा आकडे सांगत दिलं. दस्तगीरनं हातांकडं पाहिलं. एकामागून एक घड्या बसत होत्या, दुकानांची शटर पडावीत तशा.

"बरं, तुमच्यापैकी कुणी स्वतःची एखादी चूक सांगेल का?" तिनं विचारलं.

चाळीस जणांत कुणाला चूक आठवेना. मग चहाच झाला.

स्वयंपाकघरात येऊन ती ओट्याला टेकली. "बुडाले मी, चाचा."

"च्या घे आधी."

"आज सर इथं असते तर काय केलं असतं?" ती स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली. "पण सरांचंही इथंच झालं ना. मुख्य आलेख घरी विसरून आले, लोक हसले. आम्हाला नेहमी सांगतात, त्या दिवसापासून माझा माझ्या डोक्यावरचा भरवसा उडाला. सगळं दोनदा लिहून ठेवतात. भाषणं तर सोडलीच."

किटली दस्तगीरच्या हातात तशीच राहिली. सरांनी येणं बंद केलं एवढंच त्याला ठाऊक होतं. का, ते त्यानं कधी कुणाला विचारलं नव्हतं. विचारायची छाती नव्हती.

तो सामानाच्या खोलीत गेला. जुन्या दिव्यांच्या खोक्यामागून त्यानं एक पाकीट काढलं आणि परत आला. "पोरी, च्या झाल्यावर मला पाच मिन्टं देशील?"

एकतीस वर्षांत तो त्या हॉलमध्ये पुढं उभा राहिला नव्हता. आता राहिला. टोपी काढून हातात घेतली, परत घातली.

"सायब, मी दस्तगीर. हितला च्यावाला म्हना, खुर्च्यावाला म्हना. मावळातला पावसाळा तुमी जानता. काडी पेटत न्हाई, मिठाचं पानी हुतं. केदारीसरांचे काचकागद दमटीनं येकमेकाला चिकटायचे, म्हनून मी सकाळी शेगडीच्या वरल्या फळीवर वाळवायचो. सरांनी सांगितलं नव्हतं, माझीच हुशारी. येका दिवशी बस आली, मी सामान उतरवाया धावलो. आलो तर सातवा कागद पापडावानी वळला हुता."

त्यानं पाकिटातून तो कागद काढून धरला. पिवळा पडलेला, कडा आत मुडपलेल्या. मधोमध निळ्या रेघेचा एक तुकडा तेवढा शिल्लक होता.

"सतरा कारखान्यांतली चार वर्षांची मेहनत, त्यांचा सगळ्यात मोठा कागद हुता. मी लपवला. हितंच, ह्याच जाग्यावर, सर पिशवी उपसत ऱ्हायले. तुमच्यासारखेच चाळीस सायब हसले. म्हनले, नेतृत्व शिकवनारा मानूस कागद घरी इसरतो. मी त्या दारात हुतो. बोललो न्हाई. नोकरी नवी न्हवती, पोट भरलेलं हुतं, तरी बोललो न्हाई. बस, येवढंच."

 स्नेहल त्या कागदाकडं बघत होती. तिच्या चेहऱ्यावर राग होता की आणखी काही, हे दस्तगीरला कळेना.

मग पांढऱ्या मिशांचे साहेब खाकरले. "दोन हजार अकरा साली मी एक झडप उलटी बसवली होती," ते म्हणाले. "ठपका फिटरवर गेला. माणूस अजून माझ्याच खात्यात आहे. रोज मला नमस्कार करतो."

त्यांच्या मागचा एक जण म्हणाला, "माझं तर मागच्या मंगळवारचं आहे." यावर लोक हसले, पण हे हसणं वेगळं होतं. बघता बघता घड्या सुटल्या. स्नेहल सावरून उभी राहिली. तिनं पडद्यावरचा आलेख बंद केला आणि विचारलं, "आता तुम्ही सांगा. तुमच्या शॉपमध्ये ही रेघ वर जाईल का खाली? आणि खबरी वाढल्या की बिघाड वाढले, हे वेगळं कसं काढायचं? साहेब, तुम्हीच सुरुवात करा."

भांडण लागलं. अगदी जुन्यासारखं. दस्तगीर मागच्या दाराशी जाऊन उभा राहिला, तो तीनचा चहा विसरेपर्यंत.

संध्याकाळी निलेशनं फॉर्म मोजले. गुण चारच्या बरेच वर गेले होते. एका फॉर्मवर मात्र कुणीतरी लिहिलं होतं, "चहा थंड होता." एकतीस वर्षांत पहिल्यांदा. निलेशनं तो त्याला दाखवला. "चाचा, तुमची बढती थांबली म्हणायची आता."

दस्तगीरला हसू आलं नाही. स्नेहल केदारीसरांना फोन लावून समोर उभी होती.

"मी सांगणार नाही," ती म्हणाली. "तुम्ही सांगा."

पलीकडून कापरा, ओळखीचा आवाज आला. दस्तगीरनं सगळं सांगितलं, शेगडीपासून पाकिटापर्यंत. 

"बावीस वर्षं लावलीस, दस्तगीर?"

"व्हय, सर."

 मग सरांचा आवाज लांब गेला. घरात कुणाला तरी हाक मारून ते सांगत होते, "अगं ऐकलंस का? मी विसरलो नव्हतो. लोणावळ्याला. मी नेला होता कागद." आणि पुन्हा एकदा, हळू, "मी विसरलो नव्हतो."

दस्तगीर हातात टोपी धरून उभा होता.

"तो कागद आहे अजून?" सर परत फोनवर आले.

"हाय, सर. पर लय वाकडा झालाय."

"स्नेहल म्हणत होती, एक तारखेला मोकळाच होतोयस ना? घेऊन ये," सर म्हणाले. "आणि पाऊस असला तर भिजू दे. वाळवायला जाऊ नकोस."