विंचूरचा उणे पाऊस

ती ऑफिसात आली तेव्हा मी तिथली जुनी होते, आणि पावसाचे नकाशे हे माझं राज्य होतं. जिल्ह्यात मोजक्याच ठिकाणी पर्जन्यमापक. मधल्या गावांत किती पडला असेल ते आमच्या प्रोग्रॅमने ताडायचं. एका मापकाचा शब्द किती लांबपर्यंत चालतो आणि कसा विरत जातो, हे ठरवणारं सूत्र म्हणजे कर्नल. माझा गाऊशियन, घंटेच्या आकाराचा. वर्षानुवर्षं तोच. कोणी हूं की चूं केलं नव्हतं.

हिने पहिल्याच आठवड्यात माझ्या स्क्रीनकडे बघून म्हटलं, "ताई, नकाशाला टिकल्या लागल्यात."

खरंच होतं. प्रत्येक मापकाभोवती एक गोल निळा ठिपका, आणि मधे सगळं कोरडं. घंटा फार अरुंद ठेवली होती मी. रुंद करायला गेले, तर आकडे वाट्टेल तसे उड्या मारायला लागले. तोवर 'टिकल्या' हा शब्द ऑफिसभर झाला होता, सरसुद्धा तोच म्हणायला लागले. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड.

त्यात सरांनी जाहीर केलं, की द्राक्ष बागायतदारांना दाखवायला दोघींपैकी जिचा नकाशा घेऊ, पुढचं सगळं काम तिच्याकडे. माझं काम! हिने निराळा कर्नल लावला, पातळ पत्रा अलगद वाकवावा तसा. नकाशा इतका मऊसूत, इतका देखणा झाला की माझ्या पोटात दुखलं. सरळच सांगते, दुखलं. पंचवटीत घरी जेवायला बसले तरी तो डोळ्यांपुढून हलेना.

मग मी खोड काढायलाच बसले, आणि सापडली. घोटीला धो धो पाऊस. तिथून पूर्वेकडे उतरता उतरता हिचा पत्रा विंचूरजवळ शून्याच्याही खाली गेला होता. मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. बैठकीत सगळ्यांसमोर मी म्हटलं, की विंचूरला पाऊस जमिनीतून वर जातो वाटतं. हशा पिकला.

तीही हसली. मग तिथेच लॅपटॉप उघडून बसली. एकेक मापक लपवायचा, बाकीच्यांवरून त्याचा पाऊस ओळखायचा, अशी परीक्षा तिने तीन कर्नलची घेतली: माझा, तिचा, आणि तिसरा अगदी साधा, नुसत्या अंतरावर चालणारा, दिसायला ओबडधोबड. तो तिसरा जिंकला. विंचूरला उणेही गेला नाही. माझा शेवटचा आला. तिने स्वतःचा देखणा नकाशा स्वतःच पुसला आणि सरांना म्हणाली, "ताईंनी उणे पाऊस पकडला नसता, तर मी हाच नेला असता."

काम अर्थातच तिला मिळालं. मला सगळ्यांनी शाबासकी दिली, तिने तर जरा जास्तच. श्रेय एकटीने लाटलं असतं तर मला कसं मनसोक्त चिडता आलं असतं. तेवढंही सुख ठेवलं नाही बयेने.