हार घातलेलं लेथ मशीन

मंडळी, आज जळगावच्या एका तंत्रशाळेत पाहुणी म्हणून गेले आणि भांडून आले!

नवं कोरं लेथ मशीन दसऱ्याच्या हारासकट झाकून ठेवलेलं. मुलं शिकतात फळ्यावरच्या चित्रावरून. पुढच्या आठवड्यात कारखान्याची निवड चाचणी आहे, आणि मशीनला अजून कुणाचा हात लागलेला नाही.

"बिघडलं तर, बाई?" प्राचार्य म्हणाले. हा माझाच जुना विद्यार्थी!

मला सत्तरच्या दशकातलं धुळं आठवलं. तिथल्या तंत्रशाळेत डेन्मार्कहून एक तरुण स्वयंसेवक शिकवायला आला होता. मी कॉन्व्हेंटात शिकलेली, म्हणून त्याची दुभाषी. तिथेही मशीन असंच हार घालून बसलेलं. त्याने तो हार काढून स्वतःच्या गळ्यात घातला आणि म्हणाला, "यापुढे पूजा माझी करा, मशीनला कामाला लावा." मुलांनी मशीन बिघडवलं, स्वतःच दुरुस्त केलं आणि नोकरीला लागली.

आज मी हार काढून सरळ प्राचार्यांच्या गळ्यात घातला. वर्ग खो खो हसला. शेवटी तेही हसले आणि त्यांनी बटण दाबलं.

"बाई, आते बठ्ठा जण शिकसूत!" मागच्या बाकावरची ज्योत्स्ना नावाची मुलगी अहिराणीत ओरडली. म्हणजे, आता आम्ही सगळेच शिकणार!

तुमच्या गावच्या शाळेत कशाला हार घालून ठेवलाय?