आक्काच्या जिभेखालची सूज

"आधी तोंड मीट. वास येतोय," डॉक्टर माझ्या आक्काला म्हणाला.

नाकावर रुमाल. खुर्चीतनं उठला बी न्हाय.

आक्का माझी थोरली बहीण. आमी दोघी पोराबाळांसकट सास्तूरकडनं ढोकीच्या शिवारात ऊस तोडायला आलेल्या. तिची दाढ ठणकत होती. मग हनुवटीखाली सूज आली, दोन्हीकडनं, दगडासारखी घट्ट. जीभ वर उचलली गेली. लाळ गिळता येईना, पदरानं पुसत बसायची.

दवाखान्यात बाकावर जागा होती. कंपाउंडर म्हणाला, पालावरल्या बायांनी खाली बसायचं. बसलो. मधीच एका बागायतदाराची सून आली, तिला सरळ आत नेलं.

आमचा नंबर आला, पण आक्काच्या तोंडात कुणी बघितलंच न्हाय. मिश्री लावता, तमाखू खाता, दात सडणारच, असं म्हणून डॉक्टरनं गोळ्या दिल्या.

म्या म्हटलं, "साहेब, तिला पाणी बी गिळंना. गोळी कशी गिळंल?"

"मला शिकवू नको. बाहेर हो."

बाहेर झालो.

दुपारी आक्काला आडवं होता येईना, गुदमरायची. गुडघ्यावर हात रोवून पुढं वाकून बसली. श्वासाला शिट्टीसारखा आवाज. टोळीच्या मुकादमानं जीप आणली, धाराशिवला निघालो. वाटंत तिनं माझं मनगट धरलं. कायतरी सांगायचं होतं. शब्द फुटंना. मोठ्या दवाखान्याच्या फाटकात पकड सुटली. एक डॉक्टरीण पळत आली, श्वासासाठी गळ्याला भोक पाडलं. आक्का माघारी आली न्हाय. दाढेचा पू जिभेखाली उतरला, सुजेनं श्वासाची वाट बंद झाली, असं डॉक्टरणीनं सांगितलं.

माती झाल्यावर मुकादम आला. म्हणाला, गोळ्या देणारा डॉक्टर म्हणतोय तुमीच उशीर केला. गप ऱ्हावा, पुढच्या साली इथंच कामाला यायचंय. माझा नवरा मान डोलवत ऱ्हायला.

म्या एकटी त्या डॉक्टरकडं गेले. भरल्या दवाखान्यात बाकावर बसले. कंपाउंडर ऊठ म्हणाला. उठले न्हाय. डॉक्टर बाहेर आला तवा सगळ्यांम्होरं म्हटलं, "उशीर आमी न्हाय केला. माझी भन तुमच्या दारात जिती आली होती. तुमी बघितलं न्हाय."

त्यानं पुढचा नंबर पुकारला. त्याचं काय बिघडलं न्हाय, बिघडणार बी न्हाय. आक्काची पोरं आता माझ्या पालात झोपतात.

पण कुणी विचारलं आक्का कशानं गेली, तर दाढेनं गेली असं म्या सांगणार न्हाय. त्या डॉक्टरचं नाव घेईन. दर वेळी. मोठ्यानं.