पहिल्या कॅसेटच्या पाच प्रती

गेल्या रमजानात इफ्तारनंतर अख्ख्या बहरीनने आमच्या कंपनीच्या व्हिडिओ ॲपवर एकदमच मालिका लावली आणि माझ्या सर्व्हरांनी मान टाकली. घरोघरी पडद्यावर नुसतं गोल चक्र फिरत राहिलं. मॅनेजरनी थंडपणे सांगितलं, पुढच्या वर्षी पुन्हा असं झालं तर कॉन्ट्रॅक्ट संपलं समजा. कॉन्ट्रॅक्ट गेलं की व्हिसा गेला, आणि मुलगी ईसा टाउनच्या शाळेत नववीला. माझी झोपच उडाली.

अडचण साधी होती. जलद डिस्क महाग, म्हणून थोड्या. बाकी सगळा माल संथ डिस्कवर. मी लोकप्रिय मालिका अख्ख्याच्या अख्ख्या जलद डिस्कवर कोंबल्या होत्या; त्या भरल्या, आणि बाकीचं मागणाऱ्यांची रांग संथ डिस्कवर अडली. आता खर्च वाचवून आणखी जलद डिस्क घ्यायच्या, म्हणून वर्षभर कुणी न मागितलेले व्हिडिओ पुसायची यादीही तयार केली.

नईम भागातले दुकानदार चाचा मूळचे रत्नागिरीचे. एके काळी त्यांची भाड्याने व्हिडिओ कॅसेट देणारी लायब्ररी होती, आता त्याच गाळ्यात मोबाइलची कव्हरं विकतात. कव्हर घ्यायला गेले आणि माझं रडगाणं त्यांच्यापुढे गायलं. यांना काय कळणार, असं मनात होतंच. त्यांनी सांगितलं, तीन कॅसेटची मालिका असली की ते पहिलीच्या पाच प्रती ठेवायचे, दुसरीच्या दोन, तिसरीची एकच.

“पयली सगल्यांना लागते, बाय. तिसरी मागनारा एखादाच. पन त्याला रिकाम्या हातान पाठवायचा नाय.”

कव्हर तिथेच विसरून मी ऑफिस गाठलं. प्रत्येक व्हिडिओची फक्त पहिली दहा मिनिटं जलद डिस्कवर ठेवली. ती बघून होईतो पुढचा भाग संथ डिस्कवरून निवांत येतो, आणि निम्मी मंडळी तर त्याआधीच उठून जातात. जागा इतकी उरली की पुसायची यादी फाडून टाकली. मी वर्षभर डोकं फोडत होते ते या माणसाने कधीच फळीवर मांडून ठेवलं होतं. स्वतःची लाज वाटली आणि त्यांचं भारी कौतुक.

यंदा इफ्तारनंतर चक्र फिरलं नाही. कॉन्ट्रॅक्ट वाढलं. खजुराचा डबा घेऊन नईमला गेले, तर चाचा गाळ्यातल्या टीव्हीवर आमच्याच ॲपवरचं एक जुनं मराठी नाटक बघत होते. माझ्या पुसायच्या यादीतलं ते पहिलंच नाव होतं.

“ह्याची तिसरी कॅसेट कोनी परत आनलीच नाय,” पडद्यावरची नजर न काढता ते म्हणाले. “शेवट आज बघतोय.”